कापलेले चेहरे, रंगवलेल्या जागा

माणसाच्या फोटोला कात्री लावायची म्हटलं की आपल्याकडे अजूनही हात अडखळतो. गटफोटोतून कुणाला कापून काढलं असेल तर घरात मोठं भांडण झालेलं असतं, नाहीतर ते माणूस गेलेलं असतं आणि भिंतीवर लावायला त्याचा वेगळा फोटो सापडलेला नसतो. धडधाकट, हसत्याखेळत्या माणसाचा चेहरा हौसेने कापायचा ही कल्पनाच आपल्याला अस्वस्थ करते. इंग्लंडमधल्या खानदानी घराण्यांतल्या काही स्त्रियांनी १८६० आणि १८७० च्या दशकांत मात्र हे अगदी मोकळ्या मनाने केलं. आप्त, मित्र, पाहुणे, राजपुत्र, स्वतःचा नवरा, सगळ्यांचे फोटो त्यांनी कापले, जाड कागदाच्या अल्बममध्ये चिकटवले आणि त्यांच्याभोवती जलरंगांनी दिवाणखाने, तळी, झाडं, पंखे, खेळायचे पत्ते रंगवले.

हे अल्बम पुढे कित्येक वर्षं घराण्यांच्या कपाटांत पडून राहिले. कलेच्या इतिहासाने त्यांना फावल्या वेळचा छंद ठरवून बाजूला ठेवलं होतं. २००७ मध्ये पात्रिझिया दि बेल्लो यांचं व्हिक्टोरियन स्त्रियांच्या अल्बमांवरचं पुस्तक आलं. २००९ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ सीगल यांनी ‘प्लेइंग विथ पिक्चर्स’ हे प्रदर्शन मांडलं. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आणि मग टोरांटोला गेलं. तेव्हापासून या कलेचं कौतुक होत आलं आहे, पण ते बहुतेक वेळा तिच्या विक्षिप्तपणाचं असतं. बदकांना बायकांची डोकी लावलेली पाहून लोक हसतात आणि पुढच्या पानाकडे वळतात. मला या पानांत फार गंभीर काम दिसतं. स्टुडिओतल्या फोटोने माणसाला त्याच्या घरातून, बागेतून, नात्यांतून उचलून एका कोऱ्या पडद्यासमोर उभं केलं होतं. या स्त्रियांनी त्याला पुन्हा जागा दिली, आणि ती स्वतःच्या मर्जीने दिली. कोण कुणाला कुठे बसवतं, हा या कलेचा गाभा आहे. तिची आजची अवस्थाही मला याच प्रश्नावर तपासून पाहायची आहे.

आधी त्या कोऱ्या पडद्याबद्दल. आंद्रे दिस्देरी या पॅरिसच्या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिझिट’चं पेटंट घेतलं. एकाच काचेवर बहुधा आठ छोट्या प्रतिमा टिपायच्या, त्या एकदम कागदावर उतरवायच्या आणि कापून सुमारे सहा बाय दहा सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यावर डकवायच्या, अशी ही युक्ती होती. फोटोचा खर्च झपाट्याने उतरला. १८६० मध्ये लंडनचे छायाचित्रकार मेयल यांनी राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाचे असे छोटे फोटो ‘रॉयल अल्बम’ म्हणून बाजारात आणले आणि लोकांना संग्रहाचं वेडच लागलं. राणीचा फोटो आणि स्वतःच्या आत्याचा फोटो एकाच मापाचे, एकाच अल्बममध्ये समोरासमोर, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. सगळ्यांची मापं एक झाली तसे अवतारही एक झाले. तोच लाकडी खांब, तोच कठडा, तोच जाड पडदा, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला तोच हात. माणसं वेगवेगळी, पण ती सगळी एकाच ठिकाणी राहतात असं वाटावं.

हे फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर छापले जात. तो कागद इतका पातळ असे की पुठ्ठ्यावर डकवल्याशिवाय त्याची गुंडाळी व्हायची. या पातळपणातच पुढच्या कलेची सोय होती. पुठ्ठ्यावरून भिजवून सोडवलेला किंवा मुळातच न डकवलेला फोटो बारीक कात्रीने झग्याच्या घेराबरोबर, टोपीच्या पिसाबरोबर कापता येई आणि पानावर चिकटवला की त्याची कड जवळजवळ बोटाला लागत नसे. उच्चकुलीन मुलींना जलरंग लहानपणापासून शिकवले जात, कारण ते घरात बसून, कपडे न माखता करता येत. कॅमेरा बाहेरून आला आणि रंगपेटी घरात होतीच.

या सगळ्या अल्बमांतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान लेडी मेरी जॉर्जियाना फिल्मर यांचं आहे. ते १८६० च्या दशकाच्या मध्यातलं आहे. रंगवलेल्या दिवाणखान्यात टेबलाशी लेडी फिल्मर स्वतः उभ्या आहेत. टेबलावर अल्बम आहेत, गोंदाचं भांडं आहे, कागद कापायची सुरी आहे. म्हणजे हे पान ज्या साधनांनी तयार झालं ती साधनं त्या पानातच मांडलेली आहेत. भोवती आप्तमित्र बसले-उभे आहेत. ठळक जागी प्रिन्स ऑफ वेल्स आहे, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. लेडी फिल्मरशी त्याची सलगी तेव्हाच्या समाजात ठाऊक होती. त्यांचे पती सर एडमंड मात्र बाजूला, आकाराने लहान, कुत्र्याशेजारी बसलेले.

हा राजपुत्र आपल्याला अनोळखी नाही. १८७५ मध्ये तो मुंबईत आला होता आणि त्या भेटीची आठवण म्हणून सॅसून यांनी उभारलेला त्याचा घोड्यावरचा पुतळा म्हणजेच मुंबईचा काळा घोडा. १९६५ मध्ये तो पुतळा चौकातून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला गेला. नाव मात्र चौकातच राहिलं. पुतळ्यात राजपुत्र जितका वर आणि जितका दूर आहे, तितकाच लेडी फिल्मर यांच्या पानावर तो हाताशी आहे. तिथे तो त्यांच्या दिवाणखान्यातला पाहुणा आहे. त्याने कुठे उभं राहायचं हे त्यांनी ठरवलं आहे. ज्या समाजात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवतानाही कायद्याशी झगडावं लागत होतं, तिथे भावी राजाला आणि नवऱ्याला आपल्या सोयीने बसवण्याची सत्ता एका स्त्रीने कात्री आणि रंगांच्या जोरावर मिळवली. ते दिवाणखान्याचं चित्र रंगकाम म्हणून फार थोर नाही. खोलीची खोली नीट उतरलेली नाही, माणसं गालिच्यावर किंचित तरंगतात. पण त्या तरंगण्यामुळेच ती आणून बसवलेली आहेत हे आपण क्षणभरही विसरत नाही.

केट एडिथ गॉफ यांचा अल्बम १८७० च्या दशकाच्या शेवटाचा आहे आणि तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. बदकांचं प्रसिद्ध पान त्यातलंच. तळ्याचं पाणी, गवत, बदकांची पिसं हे सारं निसर्गचित्रकाराच्या निगुतीने रंगवलेलं आहे आणि बदकांच्या मानांवर सभ्य स्त्रियांचे शांत, किंचित कंटाळलेले चेहरे आहेत. दुसऱ्या एका पानावर झाडावरच्या माकडांना ओळखीच्या माणसांची डोकी आहेत. डार्विन यांचं मानवाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं होतं आणि त्यावरची कडाक्याची भांडणं अजून ताजी होती, हे लक्षात घेतलं की या पानाची धिटाई कळते. वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं डार्विन यांना माकड करत होती. गॉफ यांनी स्वतःच्या गोतावळ्याला झाडावर बसवलं.

ईव्हा मॅकडोनल्ड यांनी १८६९ मध्ये खेळायच्या पत्त्यांवर चेहरे बसवले. हुकूम कोण, हा प्रश्न त्या पानाच्या शीर्षकातच विचारलेला आहे. लेडी जोसलिन यांचं एक पान याहून फार शांत. पंतप्रधान पामर्स्टन हे त्यांच्या आईचे दुसरे पती. त्या कुटुंबाचे नऊ फोटो चौकटीच्या पत्त्यासारख्या आकृतीत मांडून भोवती चेरीचा बहर रंगवलेला आहे. इथे थट्टा नाही, सत्तेच्या घरातली आदब आहे. राणीच्या सेवेतल्या या बाई स्वतः चांगल्या छायाचित्रकार होत्या, ते त्या मांडणीतल्या संयमात दिसतं. प्रिन्स ऑफ वेल्सच्या पत्नी प्रिन्सेस अलेक्झांड्रा यांनीही असा अल्बम केला. तो नाजूक आहे, पण मला तो दुय्यम वाटतो. त्यात रंग फोटोला नुसती महिरप घालतो, त्याच्याशी काही बोलत नाही. या कलेत चांगलं-वाईट इथेच ठरतं. फुलांची महिरप कुठल्याही चेहऱ्याभोवती चालते. बदकाची मान चालत नाही. ती विशिष्ट बाईसाठी, विशिष्ट कारणाने रंगवावी लागते.

त्याच सुमाराला पुरुष छायाचित्रकारही फोटोंची जोडणी करत होते आणि तिला कला म्हणून मान मिळत होता. ऑस्कर रेलँडर यांचं ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र १८५७ मध्ये मँचेस्टरच्या भव्य प्रदर्शनात लागलं. तिसावर निगेटिव्ह जोडून केलेल्या या चित्राची एक प्रत खुद्द राणीने विकत घेतली. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पुढच्याच वर्षी पाच निगेटिव्ह जोडून ‘फेडिंग अवे’ हे मरणासन्न मुलीचं चित्र केलं. दोघांची सारी मेहनत सांधा लपवण्यात गेली. अल्बम करणाऱ्या स्त्रियांनी सांधा उघडा ठेवला. चेहरा तपकिरी, भोवतालचं सारं रंगीत. एक यंत्राचं काम, दुसरं हाताचं. आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्याचा कसलाही बहाणा नाही. आज मला रेलँडर यांचं चित्र उपदेशाच्या ओझ्याने वाकलेलं वाटतं आणि फिल्मर यांचं पान अजून जिवंत वाटतं, त्याचं कारण हा प्रामाणिक सांधा.

समीक्षेने या अल्बमांना छंद म्हणून मोडीत काढलं, तो पहिला अन्याय. दुसरा अन्याय अलीकडचा आणि आदराच्या वेषातला आहे. या पानांना विसाव्या शतकातल्या कोलाजचे पूर्वज ठरवलं जातं. जणू हाना होख यांनी बर्लिनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर जे केलं त्याची ही घरगुती रंगीत तालीम होती. होख यांचं काम थोर आहे. उलश्टाइन प्रकाशनगृहात भरतकामाचे नमुने आखणारी ही स्त्री शिवणटिपणातूनच कोलाजकडे आली, हेही खरं. पण त्या छापील मासिकांतले अनोळखी चेहरे फाडत होत्या आणि एक समाज मोडल्याची खूण त्यांच्या कामात आहे. अल्बमवाल्या स्त्रिया ओळखीचे चेहरे कापत होत्या आणि समाज मोडू नये, पण आपल्याला हवा तसा बसावा, असा त्यांचा प्रयत्न होता. ही दोन वेगळी कामं आहेत. अल्बमांचं मोल होख यांच्या कामावरून ठरवलं की अल्बमांकडे बघायचं राहून जातं.

तिसरी गोष्ट मात्र या स्त्रियांच्या चाहत्यांनी मान्य करायला हवी. या दिवाणखान्यांत नोकरचाकर जवळजवळ नसतात. ज्यांच्या कष्टांवर या स्त्रियांची दुपार मोकळी होत होती, त्यांना पानावर जागा नाही. ज्या कलेचं सामर्थ्य जागा देण्यात आहे, तिने कुणाला जागा दिली नाही हेही तिच्या मूल्यमापनात धरावं लागतं.

आता या वस्तूंच्या प्रकृतीकडे वळू. अंड्याच्या पांढऱ्यावरचा फोटो पिवळा पडतो आणि त्याचे उजळ भाग आधी विरतात. जलरंगांतले काही गुलाबी-किरमिजी रंग उजेडात उडतात. म्हणजे एकाच पानावर दोन वेगळ्या गतींनी झीज चालू असते. चेहरा आणि त्याचं घर वेगवेगळ्या वयाने म्हातारे होतात. मिटलेल्या अल्बममध्ये उजेड जात नाही, म्हणून तिथे रंग आश्चर्यकारक ताजे राहतात. पण कलाबाजाराला मिटलेलं पुस्तक विकणं अवघड जातं. सुटं पान चौकटीत बसवता येतं, भिंतीवर लावता येतं, वेगळ्या किमतीला विकता येतं. फिल्मर अल्बमची पानं अशीच सुटी होऊन वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली आहेत. अल्बममध्ये डाव्या पानावर कोण आणि उजव्या पानावर कोण, कुठलं पान उलटल्यावर कोण भेटतं, यातही मांडणी असते. पान सुटं झालं की तो अर्थ कायमचा जातो. शिकागोच्या प्रदर्शनात संपूर्ण अल्बम संगणकाच्या पडद्यावर पान-पान उलगडून पाहण्याची सोय केली होती, ती योग्य दिशा होती. अल्बम फोडणं ही माझ्या मते मूर्तिभंजनाच्या जवळची गोष्ट आहे आणि संग्राहकांनी तशी पानं घेणं थांबवायला हवं.

आपल्याकडे कात्री, फोटो आणि रंग एकत्र आले ते वेगळ्या वाटांनी. पहिली वाट मुंबईतून जाते आणि ती सुखाची नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांतले. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातिजमातींच्या फोटोंचे दोन खंड लंडनहून काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठियावाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. स्टुडिओत काढलेल्या माणसांच्या आकृती वेगळ्या घेतलेल्या दृश्यांवर जोडून ही पानं तयार झाली. इथे रंग नाही, पण करणी तीच: माणूस एका ठिकाणचा, जागा दुसरीकडची. माणसांवरचा उजेड आणि मागच्या इमारतींवरचा उजेड जुळत नाही. फिल्मर यांच्या पानावर तरंगणारी माणसं यजमानिणीच्या ओळखीची होती. जॉन्सन यांच्या पानावर उभ्या माणसांना नावं नाहीत, जाती आहेत. त्यांच्या मागे कुठलं दृश्य लावायचं हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. तंत्र तेच, आणि एवढ्या एका फरकाने ते वसाहतीच्या नोंदवहीचं काम होऊन बसतं.

दुसरी वाट नाथद्वाऱ्याची. ती या साऱ्या प्रकारातली, इंग्लिश अल्बम धरूनही, मला सर्वश्रेष्ठ वाटते. मेवाडातल्या नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींची मूर्ती १६७२ पासून आहे. पुष्टिमार्गी भक्त तिथे जाऊन मनोरथ करतात, म्हणजे एखाद्या उत्सवाचा, भोगाचा, शृंगाराचा खर्च उचलतात. त्याची आठवण म्हणून चित्र करून घ्यायची प्रथा होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोटो आला, तशी या चित्रांची तऱ्हा बदलली. मध्ये डावा हात उंचावून उभे श्रीनाथजी, त्यांचे दागिने, पिछवाई म्हणजे मूर्तीमागचा चित्रित पडदा, भोगाची ताटं, आरती करणारे गोस्वामी, आणि दोन्ही बाजूंना हात जोडलेलं यजमानाचं कुटुंब. देव रंगवलेला, कपडे रंगवलेले, फरशी रंगवलेली. चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले. चेहऱ्याच्या कडेवर चित्रकार इतके बारीक ठिपके देत की कागद कुठे संपला आणि रंग कुठे सुरू झाला हे हाताशी घेऊनही चटकन कळत नाही. घासीराम हरदेव शर्मा (१८६८–१९३०) यांच्यासारखे चित्रकार तर रंगांबरोबर कॅमेराही हाताळणारे होते. मुंबईतल्या भाटिया आणि वाणी व्यापाऱ्यांची घरं या चित्रांची मोठी आश्रयदाती होती, त्यामुळे ही कला दूरच्या राजस्थानातली असली तरी तिचे पुष्कळ चेहरे भुलेश्वर-काळबादेवीच्या पेढ्यांवर बसणारे होते.

या चित्रांमागचा विचार मला विलक्षण वाटतो. श्रीनाथजींच्या मूर्तीचा फोटो काढायची मुभा नाही. देव फक्त रंगवता येतो, कारण त्याचं रूप परंपरेने आणि भावाने ठरतं. माणूस मात्र फोटोतूनच यावा लागतो, कारण मनोरथ केला तो हाच, दुसरा कुणी नव्हे, याची साक्ष हवी असते. म्हणून एकाच कागदावर दोन प्रकारचं खरं शेजारी नांदतं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले चेहरे एका दर्शनात एकत्र येतात. चेहऱ्यांची मापं कधी जुळत नाहीत, एखादं मूल मोठ्या माणसाच्या डोक्याएवढं होतं. पण ज्या जागेसाठी सगळी धडपड, ती जागा सगळ्यांना सारखी मिळते. इथे यजमान स्वतः जागा मागतो, चित्रकार ती घडवतो आणि देव ती देतो. इंग्लिश अल्बममध्ये जी जागा एका हुशार स्त्रीच्या मर्जीवर होती, ती इथे श्रद्धेच्या आधारावर उभी आहे, आणि म्हणून मला ती अधिक पक्की वाटते.

महाराष्ट्रातल्या घरांत जलरंगांचे असे अल्बम रुजले नाहीत. आपल्याकडच्या बायकांचा हात रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतींवर फिरला. त्यांनी त्या चित्रांना जरीची लुगडी नेसवली, टिकल्या आणि मणी लावले. माणसांच्या फोटोवर रंग चढवायचं काम स्टुडिओतल्या रंगाऱ्याकडे गेलं. दिवंगत आजोबांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोला पागोट्याचा लाल रंग देणं, आजीच्या कपाळी कुंकू आणि गळ्यात फोटोच्या दिवशी नसलेली ठुशी रंगवणं, हे या कारागिरांचं काम. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंमधल्या अशा जोडकामाचा आणि रंगकामाचा कसून अभ्यास ख्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या पुस्तकात केला. सांगली, सोलापूर, जळगावच्या जुन्या स्टुडिओंचा असा अभ्यास व्हायला हवा, आणि म्हाताऱ्या रंगाऱ्यांना आठवतंय तोवर व्हायला हवा.

मग आज ही कला कुठे उभी आहे? सर्वांत भरीव काम उदयपुरात झालं आहे. अमेरिकेत जन्मलेले छायाचित्रकार वास्वो एक्स. वास्वो तिथे स्थायिक झाले आणि राजेश सोनी यांच्याबरोबर त्यांनी ‘अ स्टुडिओ इन राजस्थान’ ही मालिका केली. रंगवलेल्या पडद्यांसमोर गावकऱ्यांचे काळे-पांढरे फोटो घ्यायचे, ते कागदावर छापायचे आणि सोनी यांनी त्यावर पातळ रंगांचे थर चढवायचे. सोनी यांचे आजोबा मेवाडच्या महाराणा भूपालसिंहांच्या दरबारात फोटो रंगवत. रंगाऱ्याचं नाव छायाचित्रकाराच्या बरोबरीने पुढे आणलं, ही या मालिकेची मोठी जमेची बाजू. रंगही फार समजून लावलेले आहेत. चेहऱ्यावर हात राखून, वस्त्रांवर मोकळेपणाने. माझी तक्रार एकच. ही पानं सुट्या चौकटींसाठी घडलेली आहेत. त्यांत एका माणसाशेजारी दुसरा कोण, हा प्रश्नच उभा राहत नाही, त्यामुळे रूप मिळतं पण नात्यांचा खेळ होत नाही.

तो खेळ चित्रकार विवान सुंदरम यांनी ‘री-टेक ऑफ अमृता’ (२००१–०२) मध्ये केला, तोही रंगपेटीशिवाय. आजोबा उमरावसिंह शेरगिल यांनी काढलेले कुटुंबाचे फोटो आणि मावशी अमृता शेरगिल यांची चित्रं संगणकावर जोडून त्यांनी एकाच खोलीत कधी न आलेली वयं आणि माणसं एकत्र बसवली. फिल्मर यांच्या दिवाणखान्याशी याचं नातं मला सख्खं वाटतं. कुटुंबाचा दप्तरखाना उघडायचा आणि त्यातल्या माणसांची बैठक नव्याने लावायची, ही धिटाई इथे आहे. शिवाय घरात एक थोर चित्रकार असल्यामुळे रंग बाहेरून आणावा लागलेला नाही. याच्या अगदी उलट टोकाला जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर आहेत. घरातले साधे, दुकानात धुऊन आणलेले छोटे फोटो ते रंग ओढायच्या पट्टीवर उरलेल्या ओल्या तैलरंगातून ओढतात. रंगाचा फराटा चेहऱ्यावरून जातो आणि जागा पुसली जाते. त्या पानांची ताकद मोठी आहे, पण ती दुराव्याची ताकद आहे.

गॅलरीबाहेर पाहिलं तर चित्र निराश करणारं आहे. लग्नाचा करिझ्मा अल्बम आज गावोगाव पोचला आहे. त्यात चेहरा कापणं आणि पार्श्वभूमी बदलणं क्षणाचं काम आहे. जलरंगाचे ओघळ, पाकळ्या, बर्फाचे डोंगर, सगळं तयार टेम्पलेटमध्ये मिळतं. करणी तीच आहे, पण जागा कुणीच ठरवलेली नाही. परभणीच्या नवरीला आणि पेणच्या नवरीला मिळणारं तळं एकच. दिस्देरींच्या काळातला तो एकच खांब आता रंगीत होऊन परत आला आहे. वाढदिवसाला आणि लग्नाच्या वाढदिवसाला भेट द्यायला हाताने केलेल्या स्क्रॅपबुकांचा धंदाही वाढला आहे. त्यात मेहनत भरपूर असते, पण कागदी फुलं आणि फिती फोटोभोवती जमा होतात. फोटोला कात्री लागत नाही आणि कुंचला तर क्वचितच. रुखवतात मणीकाम, विणकाम, रंगवलेले कलश आजही हौसेने मांडले जातात. तिथे दोन्ही घरांच्या माणसांना एका पानावर बसवणारा एखादा रंगवलेला अल्बम यावा असं मला मनापासून वाटतं. दोन कुटुंबं जुळताना कोण कुणाशेजारी बसेल हा प्रश्न तिथे खराच असतो.

करू पाहणाऱ्याला साधनांची अडचण नाही. जुन्या मूळ फोटोला कात्री लावू नये. तो चांगल्या दर्जाने स्कॅन करून पातळ, चमक नसलेल्या कागदावर छापावा आणि ती प्रत कापावी. डिंकापेक्षा गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ बरी, कारण ती पुढेमागे पाण्याने सोडवता येते. संग्रहालयांतले कागद-दुरुस्तीचे जाणकारही तीच वापरतात. आधी पान रंगवून पूर्ण वाळू द्यावं आणि मग चेहरा लावावा, नाहीतर दोन्ही कागद वेगवेगळे ताणले जातात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये ज्यांचे फोटो अडकले आहेत, त्यांनी ते आधी सोडवायला हवेत. त्या पानांचा गोंद फोटोच्या पाठीत मुरतो आणि प्लास्टिक पुढून चिकटतं. दात स्वच्छ करायचा पातळ दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवत नेला तर बहुतेक फोटो सुटतात. जे सुटत नाहीत ते ओढू नयेत. पानासकट स्कॅन करून घ्यावेत.